एक जूनला जन्मलेली मुलं आणि पियाजेच्या पायऱ्या

खानदेशातल्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांग लागलेली दिसते. शाळा जूनमध्ये उघडायची, नाव घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची आणि घरी तारीख कोणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराकडे एक नजर टाकून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख दाखल्यावर चढली, तीच आधार कार्डावर.

बी.एड.च्या पहिल्या वर्षाला स्वतःचं बालपण विकासाच्या सिद्धांतांशी ताडून पाहायचं काम असतं, आणि कित्येक वह्या या तारखेपाशीच घसरतात. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने मुलांच्या विचाराची वाढ चार पायऱ्यांत मांडली. त्यांतली दुसरी पायरी दोन ते सात वर्षांची आणि तिसरी सात ते अकराची. जन्मतारीखच वर्षभराने इकडेतिकडे असेल, तर 'मी सहाव्या वर्षीच तिसऱ्या पायरीवर होतो' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून सिद्धांताचं पुस्तक उघडण्याआधी वय पक्कं करायचं.

आईला तारीख विचारू नका, सण विचारा. कानबाई बसली होती का, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके बांधलेले होते का, पोळ्याच्या आधी की नंतर. नंतर वर्ष विचारा, तेही एखाद्या घडामोडीला टांगून: नंदुरबार जिल्हा वेगळा झाला (१ जुलै १९९८) त्याच्या आदल्या पावसाळ्यात की पुढच्या? सण आणि वर्ष हाती लागलं की जुन्या पंचांगातून तारीख काढणं दोन मिनिटांचं काम. अधिक महिन्याच्या वर्षी मात्र जपा. २००४ साली श्रावणच अधिक होता, त्यामुळे पोळा पार सप्टेंबरच्या मध्यावर गेला. तिथून मागे-पुढे मोजणाऱ्याचा एक महिना सहज चुकतो. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीचा वजनाचा तक्ता यांपैकी काही मिळालं तर उत्तमच.

फोटोंचं वय दातांवरून काढता येतं. वरचे पुढचे दोन दुधाचे दात पडलेले आणि नवे अजून आलेले नाहीत, असा फोटो बहुधा सात वर्षांच्या आसपासचा असतो. खालचे पुढचे दात त्याआधी पडतात. फोटोमागे 'इयत्ता पहिली' लिहिलेलं असलं तरी आधी दात पाहा, कारण ती अक्षरं बऱ्याचदा खूप नंतर लिहिलेली असतात.

दुसरी घसरण आठवणींची. 'मी दीड वर्षाचा असताना विहिरीजवळ गेलो होतो, मला स्पष्ट आठवतं' असं लोक मनापासून लिहितात. मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं म्हणून जे आठवतं, ते बहुतेक वेळा शंभरदा ऐकलेली गोष्ट आणि एखादा फोटो यांचं मिळून तयार झालेलं चित्र असतं. खुद्द पियाजेच्या बाबतीत हेच झालं होतं. लहानपणी पॅरिसमध्ये बाबागाडीतून आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे सारं त्याला डोळ्यांसमोर दिसायचं. तो पंधराएक वर्षांचा असताना त्या दाईने त्याच्या आईवडिलांना कळवलं की ती हकीकत तिने रचलेली होती, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत केलं. तरीही चित्र मनातून गेलं नाही. मुलांच्या विचारांचा एवढा मोठा अभ्यासक स्वतःच्या आठवणीपुढे फसला होता, हे प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक आठवणीसाठी एक वेगळा कागद घ्या. वर घटना दोन ओळींत, त्याखाली वय 'इथपासून इथपर्यंत' असं. मग कोणी सांगितलं आणि कागदाचा पुरावा आहे का. कोपऱ्यात अक्षर टाका: दोन माणसांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं किंवा कागद आहे, तर 'अ'; एकाच माणसाने सांगितलं, तर 'ब'; फक्त स्वतःला आठवतं, तर 'क'. चाळीस आठवणी जमवण्यापेक्षा बारा चांगल्या आणि त्यांतल्या पाच तरी 'अ' असाव्यात. सिद्धांताचं नाव या कागदावर शेवटी लिहायचं. ते आधी लिहिलं की आठवण त्याच्या मापाने कातरली जाते.

मुलाखती किमान तिघांच्या: आई, आजी किंवा आत्या, आणि मोठा भाऊ वा बहीण. तिघांना एकत्र बसवलं की जी मोठ्याने बोलते तिचंच खरं ठरतं, बाकीचे माना डोलावतात. 'मी लवकर चालायला लागलो का गं?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे, कुठलीच आई नाही म्हणणार नाही. त्याऐवजी घरच्या अहिराणीत विचारा, 'माय, तवय वावरमा काय चालू व्हतं?' (तेव्हा शेतात काय चालू होतं?) कापसाची वेचणी असेल तर दसरा ते संक्रांतीच्या आसपासचा काळ, दादर (रब्बी ज्वारी) किंवा गव्हाची काढणी असेल तर फेब्रुवारी-मार्च, दारात बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत होते तर उन्हाळा. पिकाची आठवण सहसा चुकत नाही, कारण तिच्याशी घरचा पैसा बांधलेला असतो. त्या महिन्यातून जन्माचा महिना वजा करा, चालण्याचं वय निघतं.

आता ते वय कशाशी ताडायचं? 'मूल एक वर्षाचं झालं की चालतं' हे पाठ्यपुस्तकी वाक्य फार ढोबळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांवर केलेल्या अभ्यासात आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा निघाला. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही मुलं निरोगी. त्याच अभ्यासात शंभरातली सुमारे चार मुलं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. त्यामुळे 'मी रांगलो नाही' या नोंदीवर घाबरूनही जायचं नाही आणि फुशारकीही मारायची नाही. बाळाला रोज तेल लावून हातपाय ताणायचे, पायांवर उभं धरायचं, हा सराव असलेल्या समाजांत मुलं थोडी लवकर बसतात-चालतात, असं आफ्रिका आणि जमैकातल्या निरीक्षणांतून दिसलेलं आहे. उलट आई कापूस वेचायला गेली आणि बाळ दिवसभर लिंबाखालच्या झोळीत राहिलं, तर त्याला जमिनीवर लोळायला कमी मिळतं. आपल्या घरी यांतलं काय होतं, ते त्याच कागदावर लिहा.

पियाजेपाशी आलं की वेगळीच अडचण उभी राहते. पाचव्या वर्षी आपण कसा विचार करत होतो हे आठवणीतून काढताच येत नाही. उंच पेल्यात पाणी जास्त दिसत होतं ही गोष्ट मुलाला चूक वाटलेलीच नसते, मग ती लक्षात कशी राहणार? म्हणून इथे स्वतःला बाजूला ठेवून घरातल्या चार ते आठ वर्षांच्या भाच्या-पुतण्यांबरोबर प्रयोग करावा आणि मग आपल्या त्या वयाबद्दल सावधपणे बोलावं. पियाजेनेही स्वतःचं बालपण चाळलं नाही. जॅकलिन, ल्युसियन आणि लॉराँ या आपल्या तीन मुलांसमोर तो वही घेऊन बसला.

दोन सारखे काचेचे पेले आणि एक पसरट वाटी घ्या. दोन्ही पेल्यांत साधारण १५० मिलिलिटर पाणी सारखं ओता. मूल स्वतः 'सारखं आहे' म्हणेपर्यंत थेंब थेंब कमी-जास्त करा. ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी वाटीत ओता आणि विचारा. प्रश्नात दोन्ही पर्याय हवेत, आणि घरच्या बोलीत हवेत: 'दोन्हीमा सारखंच पानी शे, का एकमा जास्ती शे?' उत्तर आल्यावर 'का बरं?' विचारा आणि जे येईल ते शब्दाला शब्द लिहा. गुण उत्तराला नसतो, कारणाला असतो. 'परत ओतलं तर तेवढंच होईल', 'ही वाटी बुटकी पण रुंद आहे', 'काही सांडलं नाही ना' यांतलं एक जरी आलं तरी त्या मुलाला राशी टिकून राहते हे उमगलेलं आहे.

हा प्रयोग घरात बहुधा तीन ठिकाणी फसतो. आजी मागून 'अरे, नीट पाहा' म्हणते, ते पहिलं. दुसरं म्हणजे तोच प्रश्न दोनदा विचारला की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलून सांगतं. शाळेत प्रश्न परत आला म्हणजे चुकलं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तिसरं म्हणजे 'जास्त' शब्दाचा अर्थ बऱ्याच मुलांच्या मनात 'उंच' असा असतो. शंका आली तर 'पियाले कशामा जास्ती भेटीन?' (प्यायला कशात जास्त मिळेल?) असं विचारून पाहा.

चिंचोक्यांचा प्रयोग मला जास्त आवडतो. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मग एक ओळ पसरवायची. मोठ्या माणसाने मुद्दाम पसरवली, की चार-पाच वर्षांची पुष्कळ मुलं 'इथे जास्त' म्हणतात. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये हेच काम एका खोडकर टेडीकडून करवलं: टेडी येतो आणि ओळ विस्कटतो. बरोबर उत्तर देणारी मुलं १६ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांपर्यंत गेली. मोठ्याने हेतुपुरस्सर काही बदललं म्हणजे काहीतरी बदललं असणार, असं मूल धरून चालत होतं. आपल्याकडे टेडीची गरज नाही. पोळ्याचा मातीचा बैल ओळीत घुसवा. आधी हाताने आणि आठवड्याने बैलाने, असे दोन्ही प्रकार त्याच मुलाबरोबर करून पाहा आणि दोन्ही कारणं शेजारी लिहा.

पिठाच्या गोळ्याचा प्रयोग करायचा तर कणीक घ्या, १०० ग्रॅमचे दोन गोळे. ज्वारीचं किंवा कळण्याचं पीठ घेऊ नका. ते चपटं करताना कडेला फाटतं, तुकडे गळतात आणि मूल 'कमी झालं' म्हणतं, जे खरंच असतं! मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याची ही गोष्ट इतर मुलांपेक्षा आधी कळते असं १९६९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. घरात सहाव्या-सातव्या वर्षी भाकरी थापायला बसलेल्या मुली आणि कधीच न बसलेले त्यांचे भाऊ यांच्या उत्तरांत फरक पडतो का, हे आपल्याकडे कोणीही तपासू शकेल.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कीच्या बाबतीत बहुतेक वह्यांत एकच ओळ असते: 'आईने मला शिकवलं, म्हणून हे निकट विकासाचं क्षेत्र.' शिकवलं एवढ्याने ते ठरत नाही. एखादं काम घ्या आणि त्याच्या एकेका टप्प्यासमोर लिहा: एकटीला येत होतं, मदतीने येत होतं, मदत करूनही येत नव्हतं. मधला रकाना हेच ते क्षेत्र.

खापरावरचे मांडे यासाठी फार चांगले आहेत, कारण तिथे हाताची मदत दिसते. सात-आठ वर्षांच्या मुलीला पुरण वाटायला एकटीला जमतं. त्यात डाळीचा कण राहिला की मांडा तिथेच फाटतो, म्हणून पुरण बोटांनी चोळून पाहायला तिला आधी शिकवतात. सैल भिजवलेल्या कणकेत पुरण भरून तोंड बंद करणं मदतीने जमतं, आणि ती मदत बोलण्याची असते: 'जास्ती भरू नको, कड जाड ठेव.' हातांवर फिरवत मांडा मोठा करणं याच्याही पुढचं. तिथे मोठ्या बाईचे हात तिच्या हातांखाली असतात. मांडा वितभर पसरला की ते हात निघतात, फाटायला लागला की परत येतात. चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर मांडा टाकायचं काम मात्र तिला वर्षानुवर्षं देत नाहीत. मदत कधी शब्दांची, कधी हातांची, आणि ती कोणत्या क्षणी काढून घेतली, हे लिहिलं तर व्हिगोट्स्की समजला. अशा मदतीला आज स्कॅफोल्डिंग, म्हणजे बांधकामाची परांची, म्हणतात. हा शब्द व्हिगोट्स्कीच्या नावावर खपवू नका. तो १९३४ मध्ये वारला, हा शब्द वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये रूढ केला.

'मी असुरक्षित जवळिकीचं मूल होतो, कारण शाळेच्या पहिल्या दिवशी फार रडलो.' असं लिहू नका, कळकळीची विनंती आहे. बाळाची आईशी असलेली जवळीक सुरक्षित की असुरक्षित हे पाहणारी मेरी एन्सवर्थची अनोळखी परिस्थितीची चाचणी साधारण १२ ते १८ महिन्यांच्या बाळासाठी आहे. ती वीसेक मिनिटं चालते, तिचे आठ छोटे प्रसंग असतात आणि प्रशिक्षित माणूस ती पाहून नोंद करतो. तिथे रडण्यापेक्षा आई परत आल्यावर बाळ काय करतं याला महत्त्व असतं. सहाव्या वर्षीच्या रडण्यावरून मागे जाऊन हे लेबल लावता येत नाही, आणि स्वतःला लावलेलं असं लेबल माणूस पुढे आयुष्यभर वागवतो. आपल्याकडे बाळ आजीच्या मांडीवरून आत्याच्या कडेवर आणि तिथून बहिणीच्या खांद्यावर फिरत असतं. एन्सवर्थचं पहिलं मोठं निरीक्षण १९५४-५५ मध्ये युगांडात झालं, तिथेही बाळं आईखेरीज इतरांशी जोडलेली दिसली होती. आपल्या कागदावर एवढंच लिहा: लागलं-खुपलं की मी कोणाकडे धावायचो, आणि ते माणूस घरी नसलं तर दुसरं कोण.

नैतिक विचाराच्या पातळ्या मांडणारा कोलबर्ग थोडक्यात उरकते. नैतिक पातळी कृतीवरून ठरत नाही, दिलेल्या कारणावरून ठरते, आणि आठव्या वर्षी आपण काय कारण दिलं होतं हे कोणालाच आठवत नाही. त्याचा मूळ अभ्यासही फक्त मुलग्यांचा होता. बालपणाच्या वहीत त्याला अर्धं पान पुरे.

एरिक्सनने आयुष्याच्या अवस्था परस्परविरोधी भावनांच्या जोड्यांत मांडल्या. त्यांतली सहा ते बारा वर्षांची अवस्था, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता, मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. या जोड्या म्हणजे पास-नापास नव्हेत. दोन्ही बाजू प्रत्येकात असतात, पारडं कुठे झुकलं ते पाहायचं. या वयात 'मला काम जमतं' ही भावना कोणत्या ठिकाणी मिळाली आणि कोणत्या ठिकाणी हिरावली गेली, हे दोन वेगळ्या कागदांवर लिहा. आठवडे बाजारात मिरची-लिंबं विकणारा मुलगा पावशेराचा भाव तोंडी काढतो, सुट्टे परत देतो, चुकत नाही. तोच वर्गात फळ्यावरच्या भागाकारापुढे गप्प उभा राहतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तीच गणितं कागदावर दिल्यावर ३७ टक्के. मुलं होती अवघी पाच, म्हणून आकड्याचा ढोल वाजवू नये. तरी 'मी गणितात कच्चा होतो' हे वाक्य लिहिण्याआधी 'कुठे?' हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा.

घर-शाळा, त्यांचे आपसातले संबंध, मूल जिथे जात नाही अशी ठिकाणं आणि सगळ्यांभोवतीचा समाज, ही ब्रॉनफेनब्रेनरची मुलाभोवतीची चार वर्तुळं वहीत फार सुबक काढली जातात आणि त्यांतून काहीच कळत नाही. एकच घटना घ्या आणि तिला बाहेरून आत येऊ द्या. समजा, कापसाचा भाव पडला. जिनिंगमधलं काम लवकर बंद झालं, जिथे मुलाने कधी पाऊलही टाकलेलं नाही. वडील कामाला सुरतेला गेले. शाळेतल्या पालकसभेला आई जाऊ लागली, आणि गुरुजींची भाषा तिच्या ओठांवर बसत नव्हती म्हणून ती मागे बसून परत आली. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात हजेरी घसरलेली दिसते. एवढं एका पानात नीट मांडलं तर चारही वर्तुळं त्यात आली, वेगळी काढायची गरज नाही.

आणि भाषा. जुन्या वह्या घरात सापडल्या तर त्या टाकू नका, लाल शाईसकट ठेवा. पहिली-दुसरीच्या वहीत दोन प्रकारच्या चुका दिसतात आणि गुरुजींनी दोन्हींवर सारखंच लाल वर्तुळ केलेलं असतं. एक 'मी करलं'. मुलाने 'धरलं', 'भरलं', 'सारलं' ऐकून नियम शोधला आणि 'केलं'च्या जागी लावला. असा नियम ताणणं जगभरच्या मुलांत दिसतं. ती वाढीची खूण आहे, न शिकवता जाते. दुसरी 'पोऱ्या पडना' (मुलगा पडला). ही वाढीची खूणही नव्हे आणि चूकही नव्हे. अहिराणीत भूतकाळ असाच होतो: पडना, उठना, बसना. घरी आई, आजी, शेजारी सगळेच असं बोलतात आणि मूल त्यांचं व्याकरण अचूक वापरत असतं. लेवा गणबोली, पावरी, मावची किंवा भिली बोलणाऱ्या घरांतल्या वह्यांतही अशी वर्तुळं सापडतील. प्रत्येक वर्तुळाशेजारी पेन्सिलीने लिहा: हे करलं-जातीचं की पडना-जातीचं. पहिल्या जातीची वर्तुळं तिसरी-चौथीपर्यंत आपोआप विरळ होतात. दुसऱ्या जातीची ज्या महिन्यात एकदम थांबलेली दिसतील, तो महिना वहीवरून काढा, आणि त्याच महिन्यात मूल वर्गात बोलायचंही थांबलं होतं का, हे मोठ्या बहिणीला विचारा. आजीच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवून काढतानाही तिचं 'माले', 'तुले', 'मन्हा' तसंच ठेवा. प्रमाण मराठी हवीच असेल तर खाली कंसात द्या.